बॅटरीबाई आणि तीन दारं

बॅटरीबाईंच्या हातून आयुष्यात एकही माणूस चुकीच्या खुर्चीवर बसला नाही. हे त्या स्वतःच सांगत, आणि दिवसातून इतक्या वेळा सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई, एखादा तरी बसवायचा होतात, आमची सुटका झाली असती!

थिएटरातली नोकरी त्यांची. नवरा तिथेच वर सिनेमाच्या मशीनवर होता. तो अकाली गेला तेव्हा मालकाने बाईंना कामावर घेतलं, पण मशीनवर नव्हे, दारावर. सिनेमा सुरू झाल्यावर धडपडत येणाऱ्यांना हातातल्या बॅटरीच्या उजेडात जागेवर नेऊन सोडायचं. "पायरी आहे, जपून." "आजोबा, इकडे, इकडे." "अहो, ती जागा तुमची नाही, उठा बघू." पोरगा लहान होता, तो मागच्या रांगेत पोत्यासारखा झोपलेला असायचा. बाईंची पाठ कायम पडद्याकडे. त्यामुळे सिनेमे त्यांनी शेकड्यांनी ऐकले, धड पाहिला एकही नाही. पण लोक बघायला मिळाले. अंधारात चाचपडणारा माणूस उजेड दिसला की कसा हायसा होतो, ते बाईंइतकं कुणी पाहिलं नसेल. त्यावरच त्या जगल्या म्हणा ना.

पुढे थिएटर बंद पडलं. खुर्च्या कुणी नेल्या, पडदा कुणी नेला, आणि बाई घरी बसल्या. तेवढ्यात विद्यापीठाच्या लोकांनी एका जुन्या गोदामात भलतंच काहीतरी सुरू केलं. गणितवाले, पदार्थविज्ञानवाले, इंजिनियर, सगळ्यांनी आपापलं संशोधन टेबलांवर मांडलं आणि वर पाट्या लावल्या, "हात लावा." एका टेबलावर लाकडी ठोकळ्यांचा पूल, ना खिळा ना गोंद, आणि त्यावरून पोरं चालतायत. दुसरीकडे साबणाच्या पाण्यात तारेची चौकट बुडवायची आणि कसला पडदा धरतो ते बघायचं. एक लोलक होता, त्याला खाली आणखी एक लोलक लटकवलेला. तो असा काही हातपाय झाडायचा की पुढच्या क्षणी कुठे जाईल ते त्याच्या बापालाही सांगता येऊ नये. प्रत्येक टेबलाशी लोकांना समजावून द्यायला एक माणूस हवा होता. लोकांशी बोलायची सवय आहे म्हणून बाई लागल्या. त्यांच्या वाट्याला आलं तीन दारांचं कपाट.

खेळ असा. कपाटाला तीन छोटी दारं, लाल, पिवळं आणि निळं. बाईंनी मागच्या पडद्याआड जायचं, रंगीत फासा टाकायचा, जो रंग पडेल त्या दारामागे एक भोवरा ठेवायचा. बाकीची दोन रिकामी. आलेल्या माणसाने एका दारावर हात ठेवायचा, पण उघडायचं नाही. मग बाईंनी उरलेल्या दोन दारांतलं एक रिकामं दार उघडून दाखवायचं आणि विचारायचं, "पहिलंच ठेवता की बदलता?" माणूस काय ते ठरवणार आणि दार उघडणार. भोवरा निघाला तर भोवरा त्याचा. कोण बदलतं, कोण नाही, कोण जिंकतं, याची मोजणी कपाट आपणहून करायचं.

हे कपाट एका तरुण मॅडमचं होतं. वयाने बाईंच्या मुलाएवढी, गणितात डोकं तेज, आणि बोलणं गोड. माणसं आपल्या पहिल्या निवडीला का चिकटून बसतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. कारण गणित म्हणतं, बदलावं. बदललं तर तिनातून दोनदा भोवरा मिळतो.

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "एक दार उघडलं, उरली दोन. भोवरा यात नाहीतर त्यात. निम्मं-निम्मं झालं की."

"नाही ना मावशी. असं समजा, शंभर दारं आहेत..."

"एवढं मोठं कपाट ठेवणार कुठे, मॅडम?"

मॅडमने कपाळाला हात लावला. पण शिकवणाऱ्याची जात, सोडते कसली! तिने गोळ्या मांडल्या, काड्या मांडल्या, चित्रं काढली. बाई मान डोलवत राहिल्या. ज्या अर्थी एवढी शिकलेली मुलगी घसा कोरडा करतेय त्या अर्थी खरं असेल, असं म्हणून त्यांनी ते खरं मानलं. पण मानणं वेगळं आणि पटणं वेगळं. शेवटी मॅडम म्हणाली, "बरं, पटलं नाही तरी चालेल. नियम तेवढा पाळा." बाई म्हणाल्या, "त्याची काळजी नको. माझ्याकडून एकही माणूस चुकीच्या..." पुढचं तुम्हाला पाठ आहे.

आणि काय सांगू, बाईंचं टेबल गाजलं! पूल ओस पडला, लोलक एकटाच हातपाय झाडत राहिला, आणि तीन दारांपुढे ही रांग. ज्याच्या त्याच्या हातात भोवरा. शाळेच्या शाळा येऊन भोवरे घेऊन गेल्या. भोवऱ्यांची खोकी मागवता मागवता कारकून मेटाकुटीला आला. बाई खुशीत होत्या.

मॅडमची झोप मात्र उडाली. कपाटावरच्या छोट्या पडद्यावर आकडे यायचे त्यात हरणारा माणूसच नव्हता. एकही नाही! तिने आधी मशीन बिघडलं म्हणून उघडून घेतलं, तारा तपासल्या, पुन्हा जोडलं. तेच. गणित म्हणतंय तिनातून दोन, आणि इथे जो येतो तो जिंकतो. तिला वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकतंय. शेवटी एक दिवस ती पुलाच्या आडोशाला उभी राहून बाईंचा कारभार बघू लागली, आणि जेवायच्या सुट्टीत त्यांच्यापुढे येऊन बसली.

"मावशी, मघाच्या त्या आजोबांना तुम्ही बदलणार का असं विचारलंच नाही."

"कशाला विचारू? त्यांचा हात बरोबर दारावरच होता की. उगाच विचारून म्हाताऱ्या माणसाला घोळात घ्यायचं?"

"आणि त्यांच्यामागच्या मुलीला?"

"तिचा चुकला होता. तिला विचारलं."

मॅडमचा आवाज बारीक झाला. "म्हणजे ज्याचं चुकलंय त्यालाच तुम्ही विचारता?"

"मग! ज्याचं बरोबर आहे त्याला विचारतं का कुणी?"

"आणि ज्याचं चुकलंय तो बदलायला तयारच नसला तर?"

"होतो ना तयार. मी दाराची मूठ धरून ठेवते."

मॅडम म्हणाली, "मावशी, एवढ्या दिवसांचं सगळं पाण्यात गेलं हो." आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

आता बाईंचं काय झालं असेल ते मनात आणा. लोक खूश, पोरं खूश, स्वतः खूश, आणि ज्या मुलीचं भलं व्हावं म्हणून हे सगळं, ती समोर रडतेय. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! बाईंनी तिला पाणी दिलं, पदराचं टोक दिलं, पण आपण नेमकं काय केलं ते त्यांना कळेना. "अगं पण सगळे जिंकले ना?" त्या पुन्हा पुन्हा म्हणत. "कुणाचं वाईट तर नाही झालं?"

"मावशी, तुम्हाला भोवरा कुठे आहे ते ठाऊक आहे, हे त्या माणसाला जाणवताच कामा नये. त्याचं हात ठेवणं बरोबर असो की चूक, रिकामं दार उघडायचं, तोच प्रश्न विचारायचा, आणि चेहरा कोरा ठेवायचा."

"आणि तो धडधडीत चुकत असला तर?"

"चुकू द्यायचं."

"मला ठाऊक असताना?"

"हो. तुम्हाला ठाऊक असताना."

बाईंना हे ऐकूनच कसंतरी झालं. अंधारात माणूस पायरीवरून पडणार हे दिसतंय आणि आपण बॅटरी पदराखाली धरून उभं राहायचं? हे कसलं शास्त्र म्हणायचं?

गोष्ट मोठ्या साहेबांच्या कानावर गेली. साहेब म्हणजे एक घाव दोन तुकडे. "माणूस हवाच कशाला? मशीन लावा. दारं आपोआप उघडतील, तोंड नाही, चेहरा नाही, कटकट नाही." मॅडम बिचारी भांडली. म्हणाली, समोर माणूस असला की लोक वेगळं वागतात, मला तेच बघायचंय. शेवटी ठरलं की रविवारी साहेब स्वतः येऊन बघतील. बाईंना नियमाने जमलं तर बाई राहतील. नाही जमलं तर सोमवारपासून मशीन.

नोकरी गेली असती तर बाई काही उपाशी मेल्या नसत्या. मुलगा होता, चांगला होता. दुसऱ्या गावी पंपांच्या कारखान्यात कामाला, घर मोठं, त्यात एक खोली आईसाठी म्हणून रिकामी ठेवलेली. दर फोनला त्याचं एकच पालुपद, "आई, ये ना आता इकडे." आणि बाईंचं ठरलेलं उत्तर, "नोकरी आहे रे, कशी येऊ?" एकदा राहून आल्या होत्या. सूनबाई मायाळू, इतकी की काडी उचलू देईना. "बसा हो आई, तुम्ही बसा." दोघं कामाला गेली की बाई आपल्या बसलेल्या. घड्याळाकडे बघ, खिडकीकडे बघ. अख्ख्या दिवसात कुणी येऊन एक साधा प्रश्न विचारत नाही, की अहो, इकडून जायचं की तिकडून? बाई परत आल्या त्या पुन्हा न जाण्याचं ठरवूनच. पण गंमत बघा, परत आल्यावर आठवण कुणाची यायची? त्याच मुलाची. जेवायला बसलं की घास फिरायचा. मग स्वतःवरच चिडायच्या. एकदा ठरवलं ना, मग आता कुरकुर कसली?

रविवारपर्यंत बाईंनी आरशासमोर उभं राहून चेहरा कोरा ठेवायचा सराव केला. शेजारीण येऊन विचारून गेली, "दाढ दुखतेय का हो?"

रविवार उजाडला. साहेब हाताची घडी घालून भिंतीशी उभे, शेजारी मॅडम. पहिला एक कॉलेजातला मुलगा आला. हात चुकीच्या दारावर. बाईंनी रिकामं दार उघडलं, विचारलं. तो म्हणाला, "पहिलंच." आणि हरला. बाईंनी दारं पुन्हा लावून घेतली. पाठोपाठ एक छोटी मुलगी, हात बरोबर दारावर, आणि बाईंनी विचारलं म्हणून तिने भाबडेपणाने बदललं. दारात काहीच नाही. मुलीने भोकाड पसरलं. "रडू नकोस गं बाळा," एवढं बाईंच्या ओठांवर आलेलं त्यांनी दातांखाली धरलं. साहेबांनी मान हलवली, जमतंय या अर्थी. मॅडमने लांबून अंगठा दाखवला. चार-पाच डाव असे झाले आणि बाईंना वाटलं, चला, दगड व्हायला आपल्यालाही येतं म्हणायचं.

रांगेत पुढचा माणूस उभा होता तो त्यांचा मुलगा.

"अगो बाई! तू कधी आलास?"

"आत्ताच, गाडीवरून उतरून सरळ इकडेच. घरी कुलूप होतं." मग तो जरा घुटमळला. "आई, ती खोली आहे ना, ती तुझ्या सुनेची बहीण मागतेय. नोकरी लागलीय तिला आमच्या गावात. मी म्हटलं, आधी आईला विचारून येतो. शेवटचं."

"अरे, मी कामावर आहे," बाई हळूच म्हणाल्या आणि साहेबांकडे बघितलं. "खेळायचं असेल तर खेळ, नाहीतर बाजूला हो."

"खेळतो की." मुलगा हसला. "मी जिंकलो तर तू माझ्याबरोबर यायचं. हरलो तर पुन्हा हा विषय काढणार नाही. तुझ्या गळ्याची शपथ." हसून म्हणाला खरं, पण हसला की त्याच्या गालाला खळी पडते ती काही पडली नाही. म्हणजे खरंच म्हणत होता.

बाई पडद्यामागे गेल्या. फासा टाकला. निळा. भोवरा निळ्या दारामागे ठेवला आणि बाहेर आल्या.

मुलाने तिन्ही दारांकडे पाहिलं आणि निळ्यावर हात ठेवला.

बाईंनी पदर खोचला. नियम म्हणजे नियम. त्यांनी पिवळं दार उघडलं. रिकामं. "पहिलंच ठेवतोस," त्यांनी विचारलं, "की बदलतोस?"

"बदला हो, बदला!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "इथे बदललं की मिळतंच!" बाईंचीच जुनी पुण्याई, आणखी काय!

मुलगा कुणाकडे बघत नव्हता. तो आईकडे बघत होता. आणि आई बघत होती पिवळ्या दाराच्या मुठीकडे. डोक्यात नुसता गलका माजलेला. ठेवलं तर जिंकतो, मग उद्या बाडबिस्तरा बांधायचा आणि जन्मभर "बसा हो आई". बदललं तर हरतो, मग खोली गेली, विषय संपला, पोरगा दर फोनला इकडचं तिकडचं बोलून ठेवून देणार. गणित म्हणतं, बदलावं. भोवरा म्हणतो, ठेवावं. आणि मी काय म्हणते? नको रे बदलू, असं आतून आलं, आणि त्याच दमात, बदल बाबा एकदाचा, असंही आलं. दोन्ही इतकी खरी होती की कोणतं आपलं म्हणावं तेच कळेना. काय होईल ते होवो, तोंड उघडायचं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या.

मुलाने निळ्यावरचा हात काढला. लाल दार उघडलं.

रिकामं.

रांगेत "अरेरे" झालं. बाईंनी नियमाप्रमाणे निळं दार उघडून भोवरा दाखवला. मुलगा भोवऱ्याकडून आईकडे वळला. मग अगदी हळू, फक्त आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "तू खूण केलीस ना मला?"

"मी? नाही रे!"

"मी लोकांचं ऐकून नाही बदललं, आई. तुझ्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. बदल, म्हणत होतीस. मला वाटलं, हिला यायचंय, तोंडाने बोलवत नाही म्हणून खुणेनं सांगतेय." त्याने निळ्या दाराकडे बोट दाखवलं. "तुला ठाऊक होतं भोवरा कुठे आहे ते."

"अरे, मी काहीच केलं नाही. मी दगडासारखी उभी होते. तुझी शपथ!"

"असू दे गं. कळलं मला." त्याने आईचा हात दाबला, अगदी मायेने दाबला, राग नव्हताच त्यात, आणि तेच बाईंना सहन होईना. "मजेत राहा. मी तुझ्या सुनेला सांगतो, बहिणीला खोली दे म्हणून. चारची गाडी मिळेल मला." आणि तो पुलाच्या बाजूने, साबणाच्या टेबलाला वळसा घालून निघून गेलासुद्धा.

"थांब ना रे!" बाईंनी हाक मारली. त्याने मागे वळून हात हलवला. त्याला वाटलं, निरोप देतेय.

साहेब पुढे आले. "छान. अगदी नियमाने. मशीनचं रद्द करतो मी." एवढं बोलून ते गेले. त्यांना दुसरी कामं होती. बाईंची नोकरी राहिली. जे हवं होतं ते मिळालं, आता पेढे वाटावेत की काय करावं ते बाईंना उमजेना.

मॅडम मात्र जवळ आली तेव्हा बाईंनी तिचा दंड धरला. "मॅडम, खरं सांगा. माझ्या चेहऱ्यावर काही होतं?"

"काहीच नव्हतं मावशी. मी सारा वेळ तुमच्याकडेच बघत होते. इतका कोरा चेहरा तर मलाही जमला नसता."

"तो म्हणतो, होतं."

"कोण, तो? तुमचा कोण होता तो?"

"मुलगा माझा."

मॅडम गोंधळली. "अय्या, मग भोवरा द्यायला हवा होता त्याला. थांबा, मी देऊन येऊ?"

बाईंनी नको म्हणून मान हलवली. मुलगा म्हणतो, चेहऱ्यावर स्पष्ट होतं. ही म्हणते, काहीच नव्हतं. दोघंही डोळे फाडून बघत होते आणि दोघांपैकी कुणी खोटं बोलणारं नाही. मग खरं काय? आपण पोराला मुद्दाम चुकीच्या दाराकडे लावलं, की पोरगं आपणहून गेलं? ज्यांच्या चेहऱ्याचा हा सगळा वाद, त्यांना तो दिसलाच कुठे होता!

"मॅडम," बाईंनी विचारलं, "तुमच्या त्या मोजणीत तो कुठे गेला?"

मॅडमने पडद्यावर बघितलं. "बदलून हरलेल्यांत."

"आणि मी?"

मॅडमला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती हसली, बाईंच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीने म्हणाली, "तुम्ही कुठे खेळत होता मावशी? तुम्ही तर नुसतं दार उघडलंत."

बाईंनी पुढच्या माणसाला हात करून बोलावलं.